शेजार

घरात काय पाळावे याविषयी आपल्या मराठी मंडळींचे काही ठरलेले संकेत आहेत. खेड्यात गाय, वाड्यात मांजर, बंगल्यात कुत्रा आणि चाळीच्या गॅलरीत पिंजऱ्यातून ‘विठू, विठू’ म्हणणारा पोपट. यांपैकी काहीही पाळले तरी कोणी कारण विचारीत नाही. गाय दूध देते, मांजर उंदीर धरते, कुत्रा राखण करतो, आणि पोपट निदान आल्यागेल्याची विचारपूस करतो. परंतु समुद्रसपाटीपासून ९०० मीटरांहून अधिक उंचीवर वसलेल्या, आणि कोणत्याही बाजूने निघाले तरी समुद्र जवळजवळ ३०० किलोमीटर दूर राहणाऱ्या या बंगळुरात जो गृहस्थ दिवाणखान्यात समुद्र ठेवतो व त्यात समुद्रफुले आणि प्रवाळ नांदवितो, त्याला मात्र येणारा प्रत्येक पाहुणा चहाचा पहिला घोट घेण्यापूर्वीच विचारतो, “पण याचा उपयोग काय?” गेली नऊ वर्षे आम्ही हा प्रश्न ऐकत आहो. त्याचे उत्तर एका कपभर चहात मावणारे नसल्यामुळे ते येथे लिहून पाहतो.

आमची टाकी चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच आहे. दगड, वाळू आणि वर सोडलेली मोकळी जागा वजा जाता तीत ४०० लिटरांच्या आतबाहेर पाणी राहते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे पहिल्या भरणीलाच १४ किलो मीठ लागले. हे मीठ वाण्याकडचे नव्हे. त्यात चुना, मॅग्नेशियम, पोटॅशियम असे सारे काही समुद्रात असते त्या प्रमाणात मिसळलेले असते. स्वयंपाकघरातल्या बरणीतले मीठ घालून समुद्र होत नाही. फार तर आमटी होते. पाणीही नळाचे चालत नाही. ते आधी बारीक पडद्याच्या गाळणीतून दाबाने गाळून अगदी निर्गुण, निराकार करून घ्यावे लागते आणि मग त्याला हे सगुण रूप द्यावे लागते.

इतके करून समुद्र तयार होतो असे ज्यांना वाटते, त्यांनी एकदा लोणचे घालणाऱ्या बाईचा सल्ला घ्यावा. फोडी, मोहरी, मीठ आणि तेल एकत्र केले म्हणजे लोणचे झाले असे ती कधी म्हणणार नाही. टाकीही मुरावी लागते. दगडांच्या छिद्राछिद्रांत अदृश्य जिवाणूंची वसाहत बसते. माशांच्या विष्ठेतून व सडक्या अन्नातून निघणाऱ्या अमोनियाचे ते प्रथम एका, मग दुसऱ्या, कमी विषारी पदार्थात रूपांतर करतात. दगडांवर तपकिरी शेवाळ येते, जाते, मग हिरवे येते, तेही ओसरते. या घडामोडींत महिने जातात. प्रवाळांपैकी काही सोशीक जाती या कच्च्या पाण्यातही तग धरतात. समुद्रफूल मात्र सहा महिन्यांच्या आत आणू नये, वर्ष थांबता आले तर उत्तम, असे जाणते लोक सांगतात. मुरलेले पाणी आणि न मुरलेले पाणी यांतला भेद कोणत्याही यंत्राला कळण्याआधी समुद्रफुलाला कळतो.

बंगळूर या उद्योगाला अनुकूलही आहे आणि प्रतिकूलही. येथील हवा वर्षातील बहुतेक महिने अशी असते की टाकीतील पाणी २५ ते २७ अंशांत ठेवण्यास फारसे सायास पडत नाहीत. मुंबईस किंवा चेन्नईस जो खर्च पाणी थंड करण्यावर होतो तो येथे बराच वाचतो. परंतु या उंचीवर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या मानाने सुमारे एक दशांशाने कमी आहे, आणि त्याच मानाने पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो. म्हणून पृष्ठभाग अहोरात्र ढवळता ठेवावा लागतो. वीज गेली की घरातले दिवे लागले नाहीत तरी चालतात, पण बॅटरीवरचा हवेचा पंप लागला पाहिजे. आमच्या घरी काळोखात प्रथम मेणबत्ती शोधण्याची रीत केव्हाच मोडली आहे.

आता या समुद्रातल्या रहिवाशांकडे वळू. आमच्या आजीच्या मंगळसूत्रात काळ्या मण्यांच्या मध्ये दोन पोवळी होती. पोवळे म्हणजे मंगळाचे रत्न, ते सोन्यात शोभते आणि खरे असेल तर महाग पडते, इतके तिला ठाऊक होते. तिच्या गळ्यातील तो लाल मणी म्हणजे कुठल्याशा दूरच्या समुद्रात वाढलेल्या एका प्राणिवसाहतीचा सांगाडा होता, हे तिला कोणी सांगितले असते तर तिने तो देवापुढे काढून ठेवला असता की काय, कोण जाणे! पण यात तिचा दोष नाही. युरोपातील पंडितदेखील फार दिवस प्रवाळास वनस्पतीच समजत होते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पेसोनेल नावाच्या एका फ्रेंच वैद्याने, प्रवाळाची ‘फुले’ ही फुले नसून प्राणी आहेत, असे पॅरिसच्या विद्वत्सभेपुढे मांडले, तेव्हा विद्वानांनी ते मानले नाही. पुढे काही वर्षांनी त्यांना ते मानावे लागले. ज्या वर्गात प्रवाळ आणि समुद्रफूल दोन्ही बसतात, त्या वर्गाच्या शास्त्रीय नावाचा अर्थही ‘पुष्पप्राणी’ असाच आहे. जुन्या चुकीची खूण शास्त्राने नावात अशी जपून ठेवली आहे.

म्हणजे ही दोन्ही चुलत घराणी. एक पिशवीसारखे पोट, त्याला एकच तोंड, तोंडाभोवती बोटांचे कडे, आणि बोटाबोटांत स्पर्श होताच सुटणाऱ्या विषारी सूक्ष्म नांग्या, अशी दोघांची घडण आहे. दोघांच्याही अंगात सूक्ष्म शैवाल वस्तीला असते. ते प्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देते. भेद आहे तो राहणीत. प्रवाळ हे एकत्र कुटुंब आहे. शेकडो तोंडे एका अंगाला चिकटलेली असतात, आणि एका तोंडाने खाल्लेले दुसऱ्याच्या पोटी पोहोचते. समुद्रफूल एकटे. त्याचे बिऱ्हाड त्याच्याबरोबर, आणि त्याच्या बुडाला असते एक रुंद, मांसल पाऊल. या पावलाने ते दगडाला घट्ट धरते, आणि मन विटले की त्याच पावलाने चालू लागते.

प्रवाळांच्या बाबतीत आम्ही येथेच एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण ती पुष्कळांना ठाऊक नसते. दगड घडविणारे सारे प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांना २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घालण्यात आले. याचा अर्थ असा की आपल्या समुद्रातला प्रवाळाचा खडक तोडणे हे कायद्याच्या दृष्टीने वाघाला हात लावण्याच्या पंक्तीतले कृत्य आहे. आंतरराष्ट्रीय कराराने ज्यांच्या व्यापारावर निर्बंध आहेत असे परदेशी जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांनी त्यांची नोंद करावी, असे २०२२ च्या दुरुस्तीने ठरले, आणि ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. आमच्या टाकीत दगड घडविणारा प्रवाळ एकही नाही. आहेत ते नरम अंगाचे: छत्रीसारखा पसरणारा एक चर्मप्रवाळ, अळंबीसारखे चपटे असे काही, आणि गालिच्याच्या बुट्ट्यांसारखे दाटीने वाढणारे, ज्यांना हातमोजे घातल्याशिवाय शिवू नये असे काही. या शेवटच्यांच्या काही जातींत अतिशय जहाल विष असते.

दगडी प्रवाळ पाहावयाचे तर त्यांच्या घरी जावे. आमचे आजोळ मालवणचे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील पाण्यात प्रवाळ आहेत, आणि १९८७ साली तेथे सुमारे २९ चौरस किलोमीटरांचे सागरी अभयारण्य जाहीर झाले, हे आमच्या आजोळच्या म्हाताऱ्या माणसांना वर्तमानपत्रातून कळले. तोवर त्यांच्या लेखी ते पाण्यातले खडक होते, होडीचे बूड फाडणारे. विजयदुर्गापासून पश्चिमेस सुमारे १०० किलोमीटरांवर, भर समुद्रात, पाण्याखाली प्रवाळांचे एक मोठे पठार आहे. त्याला आंग्रिया बँक म्हणतात, ते कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून. ज्या दर्यासारंगाला जमिनीवरच्या किल्ल्यांनी समाधान नव्हते, त्याच्या नावाने पाण्याखालचा एक किल्ला असावा, हे योग्यच झाले.

तर असे हे चुलतभाऊ एका काचेच्या घरात नांदवायचे. येथे खरी कसोटी आहे. समुद्रात त्यांना अंतर उपलब्ध असते. टाकीत ते माणसाने नेमून द्यावे लागते. दोघांची भांडण्याची तऱ्हा निराळी आहे. समुद्रफूल हातघाईवर येते. चालता चालता ते प्रवाळाला घासले, की जिथे घासले तिथली कातडी जळून पांढरी पडते. चर्मप्रवाळ जागचा हलत नाही. तो पाण्यात औषधी वासाची द्रव्ये सोडतो आणि दूरच्या शेजाऱ्याची वाढ खुंटवितो. एक हाताने मारतो, दुसरा टोमण्यांनी. वाड्यात राहिलेल्या कोणाही मराठी माणसाला दोन्ही प्रकार परिचयाचे आहेत. दगडी प्रवाळांतही सारे आलबेल असते असे नाही. दिवसा समाधिस्थ दिसणाऱ्या त्यांतल्या काही जाती रात्री लांबलचक तंतू बाहेर सोडून शेजार चाचपतात, आणि कोणी सापडला तर त्याला जाळतात.

या भांडणांवर उपाय आहेत, पण ते सर्व आधी करावयाचे आहेत. समुद्रफुलाला टाकीत प्रथम सोडावे आणि त्याला जागा निवडू द्यावी. आपण निवडलेली जागा त्याला पसंत पडत नाही. प्रकाश, प्रवाह आणि पाऊल रोवण्यास एखादी खोल भेग, या तिन्ही गोष्टी जुळल्या म्हणजेच ते थांबते. ते स्थिरावल्यावर मग प्रवाळ आणावेत, आणि ते त्याच्या हाताच्या टप्प्याबाहेर मांडावेत. समुद्रफुलाचा दगड शक्य तर स्वतंत्र ठेवावा, भोवती उघड्या वाळूचा पट्टा सोडून; उघड्या वाळूवरून चालणे ते सहसा टाळते. पंपाच्या तोंडांना जाळी बांधावी, कारण रात्री भटकणारे समुद्रफूल पंपात ओढले गेले तर त्याच्या चिंध्या होतात आणि सकाळपर्यंत साऱ्या टाकीला विषबाधा झालेली असते. चर्मप्रवाळाच्या टोमण्यांवर कोळसा चालतो. गाळणीत सक्रिय कोळशाची पुरचुंडी ठेवली की तो ती द्रव्ये मुकाट्याने शोषून घेतो. प्रत्येक मोठ्या कुटुंबात असा एक काळासावळा, अबोल मनुष्य असतो. त्याच्यामुळेच सणवार पार पडतात.

आमचे समुद्रफूल दुकानातून आलेले नाही. शिवाजीनगरात रसेल मार्केटच्या आसपास हिंडणारे जे शौकीन असतात त्यांतल्या एकाशी आमची ओळख झाली, आणि त्याच्या टाकीतले समुद्रफूल एके दिवशी दुभंगले. या जातीच्या बोटांची टोके बुडबुड्यांसारखी फुगलेली असतात, आणि तिची ही खोड आहे. ती मधोमध ताणली जाते, एका दिवसात फाटते, आणि आठवडाभरात दोन्ही अर्धी आपापली पूर्ण फुले होतात. त्यांतले एक आमच्याकडे आले. ते आणताना आम्हांला विरजणाची आठवण झाली. विरजण कोणी विकत घेत नसे. वाटी घेऊन शेजारी जावे, चमचाभर मागावे, आणि पुढे कधी तिचे मोडले तर आपले द्यावे. अशा फुलासाठी कोणत्याही समुद्राचा खडक खरवडावा लागला नाही. नऊ वर्षांत आमचेही चार वेळा दुभंगले, आणि त्याच्या लेकी मल्लेश्वरम, जयनगर, म्हैसूर अशा दूरदूर नांदत आहेत. समुद्रफुलासोबत राहणारी केशरी माशांची जोडीदेखील टाकीतच जन्मलेली आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्या देशात हे मासे टाकीत पैदा करण्याची रीत बसवून दिली आहे. या माशांत मोठी असते ती मादी, आणि ती मेली तर नर स्वतःच मादी होऊन कर्तेपण घेतो. आमच्या सौ.ने हे ऐकल्यावर एवढेच म्हटले, “अहो, आपल्याकडे निराळे काय होते?”

शेजारी एक वयस्क कानडी बाई राहतात. शाकाहारी, सोवळेओवळे पाळणाऱ्या. त्यांची नात मात्र आमच्याकडे रोज संध्याकाळी येते. एकदा नातीबरोबर त्याही आल्या आणि समुद्रफूल पाहून त्यांनी चक्क हात जोडले. देवाच्या पूजेत असे फूल असते तर, म्हणून हळहळल्या. त्याच वेळी नातीने चिमट्याने कोळंबीचा तुकडा आत सोडला. फुलाची बोटे मिटली, तुकडा मधल्या तोंडात गेला, आणि फूल पुन्हा उमलले. बाई क्षणभर स्तब्ध राहिल्या. मग त्या नातीला जे कानडीत म्हणाल्या त्याचा भावार्थ असा, की त्याचा धर्म त्याच्यापाशी, आपला आपल्यापाशी. शेजारधर्माची याहून नेटकी व्याख्या आमच्या वाचनात नाही. त्या आजही येतात; फुलाच्या जेवणाची वेळ तेवढी टाळतात.

हा छंद आजकालचा नाही. १८४६ साली ॲना थिन नावाच्या एका इंग्रज बाईने टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही जिवंत दगडी प्रवाळ लंडनला आपल्या घरी नेले आणि ते जगविले. विजेचा पंप तेव्हा कुठला! पाण्यात हवा मिसळावी म्हणून तिची मोलकरीण रोज उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतीत असे. पुढे १८५४ साली फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाचे मत्स्यालयावरचे पुस्तक निघाले आणि घरोघर समुद्र ठेवण्याची लाट उसळली. समुद्रफुले गोळा करण्यासाठी शहरी माणसे टोपल्या घेऊन किनाऱ्यावर लोटली. गॉसच्या मुलाने, एडमंड गॉसने, १९०७ साली आपल्या पित्याविषयी जे प्रसिद्ध पुस्तक लिहिले, त्यात बालपणी पाहिलेली ती खडकांतली डबकी पुढे कशी उजाड झाली आणि त्याला आपल्या वडिलांची पुस्तके कशी कारण झाली, हे दुःखाने नमूद केले आहे. ज्याने लोकांना प्रेम करावयास शिकविले, त्याच्याच शिकवणुकीने ते स्थळ ओरबाडले गेले. आमच्या टाकीसमोर बसून आम्ही या पितापुत्रांचा पुष्कळ वेळा विचार करतो.

त्या मोलकरणीचाही करतो. तिचे नाव कोणाला ठाऊक नाही. पण तिची आठवण २०२४ च्या उन्हाळ्यात फार तीव्रतेने झाली. त्या मार्चमध्ये बंगळूरची बोअरवेले आटली, टँकरचे भाव चढले, आणि पिण्याचे पाणी गाड्या धुण्यास व बागांना वापरल्यास ५,००० रुपये दंड जाहीर झाला. कावेरीचे पाणी या शहराला सुमारे १०० किलोमीटरांवरून टप्प्याटप्प्याने वर चढवून आणावे लागते. ज्या वस्त्यांत तो नळ पोहोचलेला नाही त्या टँकरच्या तोंडाकडे पाहत बसतात. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई अशाच एका वस्तीत राहतात. रांगेत उभे राहून त्या उशिरा येत. एके सकाळी टाकीच्या काचेवरून फडके फिरविता फिरविता त्यांनी सहज विचारले, “ई हूविगे एष्टु नीरु बेकु?” या फुलाला पाणी किती लागते?

प्रश्नात रोष नव्हता. कुंडीतल्या जास्वंदीविषयी विचारावे तसे त्यांनी विचारले. आम्ही हिशेब केला. टाकीतून रोज सुमारे ४ लिटर पाणी उडून जाते. मीठ मागे राहते, म्हणून तेवढे गोडे पाणी भरावे लागते. पंधरवड्याचे ते ६० लिटर होते. शिवाय दर पंधरवड्यास ४० लिटर जुने पाणी काढून नवे घालावे लागते. एकूण १०० लिटर. आमची गाळणी एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन लिटर बाजूला टाकते, म्हणजे नळातून गेले ४०० लिटर. रोजचे २७ लिटर झाले. दोन घागरी म्हणा ना. टाकलेल्या पाण्याने आमची भांडी व फरशी धुतली जाते, संडासाची टाकी भरते, ते वाया जात नाही, हे खरे. टाकीला झाकण घातले तर पाणी कमी उडेल, पण मग ते तापेल, आणि त्या उन्हाळ्यात ते परवडणारे नव्हते. आम्ही बाईंना आकडा सांगितला. त्यांनी मान हलविली आणि म्हणाल्या, “एक माणूस धरायचा.” म्हणजे घरात आणखी एक माणूस आहे असे धरून चालायचे. त्या हिशेबात त्यांना अन्याय दिसला की नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळले नाही. आम्हांला मात्र तो आकडा अजून पुरता पचलेला नाही. त्या तीन महिन्यांत आम्ही पाणी बदलणे निम्म्यावर आणले, खाद्य कमी केले, आणि घरातल्या इतर खर्चातून दोन घागरी वाचवून दाखविल्याशिवाय टाकीला पाणी घालायचे नाही, असा नियम केला. तो नियम उन्हाळा संपल्यावरही आम्ही मोडला नाही.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये, जगातील प्रवाळ पुन्हा एकदा सर्वत्र पांढरे पडत असल्याचे शास्त्रज्ञांनी जाहीर केले. नोंदी ठेवू लागल्यापासूनची ही चौथी वेळ. आपल्या लक्षद्वीपातही तेच झाले. समुद्र फार तापला की प्रवाळाच्या अंगातले ते पाहुणे शैवाल बाहेर पडते. मागे उरते पारदर्शक कातडे आणि त्याखालून दिसणारा पांढरा सांगाडा. उष्मा लवकर ओसरला तर शैवाल परतते, नाहीतर प्रवाळ उपाशी मरतो. समुद्रफुलेही याच रीतीने पांढरी पडतात. लक्षद्वीपाच्या अफाट पाण्याला कोणी पंखा लावू शकत नाही. आमच्या ४०० लिटरांवर एक छोटा पंखा फिरत होता आणि आमचे फूल तपकिरी, टवटवीत होते. त्या विरोधाने आम्हांला अभिमान वाटला नाही. दिवाणखान्यात चार फुले जगविल्याने समुद्र जगतो, असे म्हणण्याइतके आम्ही भोळे नाही. पण एक अंश तापमान म्हणजे काय, हे वर्तमानपत्राच्या वाचकाला जेवढे कळते त्याहून ते आम्हांला अधिक कळते. २७ अंशांना पसरलेले फूल २९ अंशांना कसे आक्रसते, ते आम्ही या डोळ्यांनी पाहतो. शेजारची नातही पाहते. तिने समुद्र अजून पाहिलेला नाही. परंतु तो तापला तर कोणाचे काय होते, हे तिला पाठ आहे.

आता उरते एक चिंता, आणि ती आमच्या वयाची आहे. समुद्रफुलाला म्हातारपण येते की नाही, हे नक्की सांगणे कठीण आहे. १८२८ साली सर जॉन डॅलिएल यांनी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून एक लहानसे तांबडे समुद्रफूल आणून काचेच्या बरणीत ठेवले. डॅलिएल १८५१ साली वारले. फूल दुसऱ्याकडे गेले, तेथून तिसऱ्याकडे. त्याला लोक ‘ग्रॅनी’, म्हणजे आजी, म्हणत. तिला शेकडो पिले झाली. ती १८८७ साली गेली, तेव्हा तिला सांभाळणारे एकामागून एक कितीतरी बदलले होते. एकोणसाठ वर्षे ती बरणीत होती आणि त्याआधी समुद्रात किती होती ते वेगळेच. आमचे वय लक्षात घेता आमचे फूल आमच्यामागे राहण्याचा संभव पुष्कळ आहे. मुलगा परदेशात आहे. तो दूरध्वनीवरून त्याचे चित्र पाहतो, कौतुक करतो आणि वेळ झाली म्हणतो. त्याला दोष नाही. समुद्र काही सामानाच्या पेटीत घालून नेता येत नाही.

म्हणून गेल्या पावसाळ्यापासून आम्ही एक वही लिहीत आहो. टाकीचे पाणी कधी व किती बदलावे, क्षार कसे मोजावे, कोळसा केव्हा बदलावा, पंपाची जाळी दर रविवारी कशी तपासावी, फूल चालू लागले तर काय करावे आणि मुख्य म्हणजे काय करू नये, समुद्रफूल आणि प्रवाळ यांच्यामध्ये किती वीत अंतर राखावे, दोन घागरींचा हिशेब कसा ठेवावा, आणि दुभंगलेली लेक कोणास द्यावी, असे सारे तीत आहे. आम्ही मराठीत सांगतो, शेजारची नात ऐकते, अडले तर सौ. मोडक्या कानडीत समजावते, आणि ती आपल्या वळणदार कानडी अक्षरांत लिहून घेते. आतापर्यंत ४१ पाने झाली आहेत. परवा तिने आम्हांला विचारले की, ‘विरजण’ याला कानडीत काय लिहू. आम्ही तिला म्हटले, “आजीला विचार, त्यांच्या घरी ते रोज लागते.”